हाताची घडी, तोंडावर बोट आणि गाण्याची मैफल

दरवर्षी सातवीच्या मुलांकडून मी दोन तरी अनुभवलेखनं करून घेतो. विषय पुस्तकातला नसतो. मुलांनी स्वतः पाहिलेला, ऐकलेला असतो. गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या तालुक्याच्या गावी संगीत मंडळाची शास्त्रीय गायनाची मैफल होती. मंडळाच्या लोकांनी शाळेला वीस जागा मोफत दिल्या. मी अठरा मुलं घेऊन गेलो आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर विषय लिहिला : ‘मी ऐकलेली मैफल’.

सतरा वह्यांत साधारण तेच होतं. कार्यक्रम खूप छान झाला, गायकांचा आवाज गोड होता, आम्हाला फार आनंद झाला आणि येताना वडापाव खाल्ला. वडापावाचं वर्णन गाण्यापेक्षा जास्त मनापासून केलेलं. अठरावी वही फक्त आठ ओळींची होती. त्या मुलाने लिहिलं होतं की त्याला गाण्यातली एक जागा फार आवडली, त्याच्या तोंडून ‘व्वा’ निघालं आणि सरांनी डोळे वटारून बघितलं. मग त्याने गाण्याकडे लक्ष दिलं नाही. सर परत बघतात का, याकडेच दिलं.

ते सर म्हणजे मीच.

प्रसंग मला आठवत होता, पण असा नाही. माझ्या डोक्यात तो ‘एका मुलाने मध्येच आवाज केला, मी वेळीच आवरलं’ एवढाच होता. वही वाचल्यावर सगळं पुन्हा उलगडून पाहिलं. गायक द्रुत त्रितालातली बंदिश गात होते. एक लांबलचक तान घेतली, आता कुठे जाताहेत असं वाटत असतानाच मुखडा पकडला आणि नेमके समेवर आले. तबल्यावर ‘धा’ पडला आणि त्याच क्षणी आमच्या रांगेतून ‘व्वा!’ आला. जरा मोठ्याने आला, कबूल. पण गायकांनी आमच्या दिशेने बघितलं होतं आणि मान डोलावून हसले होते. हे मी तेव्हाही पाहिलं होतं. तरी मी मुलालाच दटावलं, कारण निघण्यापूर्वी बसमध्ये मी नियम सांगून ठेवले होते : बोलायचं नाही, हलायचं नाही, उठायचं नाही. थोडक्यात, हाताची घडी, तोंडावर बोट.

आता शिक्षक मित्रांनो, पालकहो, मला जे म्हणायचं आहे ते हेच. मैफलीत कसं बसावं हे आपण मुलांना शिकवायला जातो आणि शिकवतो फक्त गप्प बसायला. आपल्या संगीताचा श्रोता कधी असा गप्प बसलेला नव्हताच.

हा मुलगा ज्या घरातून येतो तिथे आजोबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. पोरगा चालायला लागला तेव्हापासून त्याच्या हातात टाळ आहे. भजनात कोणी पुतळ्यासारखं बसून राहिलं तर लोक विचारतील, बरं नाही का म्हणून. तिथे बुवा गातात, मागचे ओळ झेलतात, समोर बसलेले टाळी धरतात. आणि तरीही तिथे शिस्त असते, फार कडक असते. बुवांनी चाल बदलली आणि तुमचा टाळ जुन्याच लयीत राहिला, तर पखवाजी फक्त एक नजर टाकतो. शब्द बोलावा लागत नाही. या पोराला सम म्हणजे काय ते कोणी व्याख्या करून शिकवलं नव्हतं. ती त्याच्या अंगात होती. सभागृहातल्या अडीचशे माणसांत त्या क्षणी ज्यांनी ती अचूक ओळखली, त्यांत तो होता. आणि त्याच्या शेजारी बसलेला बी.ए. बी.एड. मास्तर त्याला गप्प कर म्हणून खुणावत होता.

त्याच सभागृहात मोठी माणसं काय करत होती तेही सांगायला हवं. पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखीव होत्या. त्यातले निम्मे लोक अर्ध्या तासाने आले, रंगमंचासमोरून वाकून (म्हणजे आपण दिसत नाही अशा समजुतीने) गेले. ख्यालाची बढत चालू असताना एकमेकांना नमस्कार झाले. आमच्या मागे एक गृहस्थ फोन घ्यायचे आणि तोंडावर हात धरून सांगायचे, ‘‘मैफलीत आहे, नंतर बोलतो.’’ असं तीन वेळा झालं. तीन वेळा नंतर बोलतो म्हणण्यापेक्षा फोन बंद करणं सोपं नव्हतं का? डावीकडे एक आजोबा खुर्चीच्या हातावर ठेका धरून होते आणि तो तबल्यापेक्षा जरा पुढेच धावत होता. वेफरच्या पाकिटाचं तर सांगायलाच नको. ते पाकीट हळूहळू उघडलं की जास्त वाजतं, हा शोध त्या बाईंना शेवटपर्यंत लागला नाही. यांच्यातल्या एकाकडेही मी डोळे वटारले नाहीत. माझे डोळे बारा वर्षांच्या मुलासाठीच राखून ठेवलेले होते.

दाद कधी द्यायची हे कळायला गाणं कसं चालतं याची थोडी ओळख लागते. फार नाही. त्रितालाच्या सोळा मात्रा असतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. पहिली मात्रा ती सम. गायक मधल्या सगळ्या मात्रांत हवं तिथे फिरून येतो, पण त्याला घरी यायचं असतं ते या समेवर. तो येईल की नाही, कसा येईल, ही जी उत्सुकता असते, ती क्रिकेटच्या शेवटच्या षटकाइतकीच ताणलेली असते. ती सुटते तेव्हा ‘व्वा’ निघतो. विलंबित ख्यालात हेच फार सावकाश घडतं. एकतालाच्या मात्रा बाराच, पण लय इतकी संथ असते की एक आवर्तन कधी कधी पाऊण मिनिटाचं होतं. तिथे दाद मोठ्याने देत नाहीत. नुसती मान हलते, फार तर एक ‘आहा’, तोही शेजारच्याला ऐकू जाईल एवढाच. आणि आलाप चालू असताना, एखादा स्वर अगदी नाजूकपणे लावला जात असताना, तुम्ही श्वाससुद्धा जपून घेता. त्या वेळची शांतता ही ऐकणाऱ्याने गाणाऱ्याला केलेली साथ असते. ती हाताच्या घडीतून येत नाही.

म्हणजे मैफलीत गप्प कधी बसायचं हेही गाणंच सांगतं.

प्रत्येक कलाकाराची तऱ्हा निराळी असते, हे मुलांना सांगायला पाहिजे. किशोरीताई आमोणकर शांततेबद्दल किती आग्रही होत्या हे गाणं ऐकणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यासमोर गडबड करायची कोणाची हिंमत नव्हती. उलट संगीत नाटकांचा जमाना आठवा. बालगंधर्वांच्या पदाला ‘वन्स मोअर’ मिळायचा, तेच पद पुन्हा व्हायचं, नाटक पहाटेपर्यंत चालायचं आणि कोणाला त्यात गैर वाटत नसे. एकाच महाराष्ट्रातल्या या दोन्ही गोष्टी. तेव्हा ‘एकच नियम सगळीकडे’ हे चालणार नाही.

पाश्चात्य संगीताचा शिष्टाचार आणखी वेगळा. मुंबईत एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वाजतो तेव्हा सिम्फनीच्या दोन भागांच्या मधल्या विरामात टाळ्या वाजवायच्या नसतात. सगळे भाग संपले आणि संचालकाने हात खाली घेतले की मग वाजवायच्या. आपल्याकडचा माणूस तिथे पहिल्यांदा गेला की हमखास चुकतो आणि ओशाळतो. पण गंमत अशी की हा नियम फार जुना नाही. १७७८ मध्ये पॅरिसमध्ये मोत्सार्टची सिम्फनी वाजली तेव्हा पहिल्या भागाच्या मध्येच लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो चिडला नाही. उलट वडिलांना पत्रातून त्याने हे आनंदाने कळवलं, आणि ती जागा लोकांना आवडेल हे आपल्याला आधीच ठाऊक होतं असंही लिहिलं. शांत बसण्याची सक्ती नंतर, एकोणिसाव्या शतकात हळूहळू आली. मला वाटतं, आपल्या शाळांमधून जी ‘सभागृहात कसे वागावे’ ही यादी फिरते ती बरीचशी त्या दुसऱ्या संगीताकडून उसनी आलेली आहे, आणि आपण ती आपल्या गाण्यावर चढवली आहे.

टाळ्यांवरून आणखी एक किस्सा मी आता वर्गात सांगतो. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी मोठा कार्यक्रम झाला. सुरुवातीला पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ बसले, तबल्यावर अल्लारखाँ होते. त्यांनी वाद्यं सुरात लावून घेतली आणि ते थांबल्यावर हजारो लोकांनी जोरदार टाळ्या वाजवल्या. रविशंकर हसून म्हणाले की तुम्हाला वाद्यं जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. आम्ही या अमेरिकनांना हसतो. पण आपल्या सभागृहात तानपुरे लागत असताना काय चाललेलं असतं? तो वेळ म्हणजे जणू मधली सुट्टी. गप्पा, हाका, खुर्च्यांचे आवाज. समोरचा माणूस तानपुऱ्याच्या चार तारा जुळवतोय, तबलजी हातोडीने गट्ट्यांवर ठोकून तबला सुरात आणतोय, आणि त्यांना ते आपल्या कलकलाटातच कान लावून करावं लागतंय. त्या अमेरिकनांनी निदान ऐकलं तरी होतं!

पूर्वीच्या मैफली रात्रभर चालायच्या तेव्हा श्रोत्याचं थोडं इकडेतिकडे झालं तरी खपून जायचं. एक जण चहाला उठला, एक जण भिंतीला टेकून डुलकी काढू लागला, तरी गाण्याला घाई नव्हती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होतो. वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सूट मिळते तेवढीच. नियम योग्यच आहे, आजारी माणसांनी आणि परीक्षेच्या मुलांनी झोपायचं कधी? पण त्याचा एक परिणाम असा की कलाकाराला तास-सव्वा तास मिळतो. त्यात उशिरा आलेले पाहुणे, मध्येच घुसवलेला सत्कार, शाल-श्रीफळ आणि ‘दोन शब्द’ यांत वीस मिनिटं गेली तर ती ख्यालातून कापली जातात. गायकाला राग उलगडायला वेळ उरत नाही आणि मग आपणच म्हणतो की हल्लीचं गाणं पूर्वीसारखं रंगत नाही.

मोबाइलबद्दल माझं मत जरा कडक आहे. फोन वाजतो हे तर वाईट आहेच. मराठी नाटकांत नटांनी प्रयोग थांबवल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पण मला जास्त खटकतं ते हात उंचावून चित्रण करणं. मागच्या माणसाला कलाकाराऐवजी सहा इंचांचा पडदा दिसतो हा एक भाग. दुसरा भाग असा की शास्त्रीय गायक समोर बसून जे गातो त्यातलं बरंचसं त्याच वेळी सुचलेलं असतं. तो धोका पत्करतो. एखादी तान फसू शकते, एखादी जागा हुकू शकते. हुकलेली जागा दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फिरणार हे माहीत असेल तर तो धोका कशाला घेईल? ठरलेलं, घोटलेलं गाऊन मोकळा होईल. अमुक गायकाने मला असं सांगितलं असं नाही, पण खडू हातात घेऊन वर्गात शिकवताना माझं कोणी चित्रण करू लागलं तर मी काय करेन, ते मला माहीत आहे. पाठ्यपुस्तक उघडून वाचायला लागेन!

काही जण म्हणतील, सर, हे सगळं ठीक; पण मग मुलांना आणायचंच कशाला? मुलं चुळबुळ करणार, दर्दी लोकांचा रसभंग होणार. हा मुद्दा मी उडवून लावत नाही. तीन वर्षांच्या बाळाला विलंबित ख्यालाला बसवणं हा बाळावरही अन्याय आहे. ज्यांना आणायचंच आहे त्यांनी दाराजवळची कडेची जागा घ्यावी आणि बाळाने सूर लावला की आपण बाहेर जावं. त्यात कमीपणा नाही. पण दहा-बारा वर्षांची मुलं ऐकू शकतात. स्पिक मॅके ही संस्था १९७७ पासून शाळा-महाविद्यालयांत मोठमोठ्या कलाकारांना घेऊन जाते आहे, ते मुलं ऐकतात म्हणूनच ना! मुलं चुळबुळ करतात ती बहुतेक वेळा समोर काय चाललंय ते कळत नाही म्हणून. क्रिकेटचे नियम न सांगता त्यांना पाच दिवसांचा कसोटी सामना दाखवला तर तिथेही चुळबुळच होईल.

मग मी काय बदललं? यंदा मैफलीच्या आधी आठ दिवस रोज पहिल्या तासाची पाच मिनिटं काढली. मराठीच्या तासाला, हो. मुख्याध्यापकांना सांगितलं, छंद आणि वृत्तं शिकवण्याची पूर्वतयारी आहे. ते खोटंही नव्हतं, कारण मात्रा मोजायला लागलेली मुलं पुढे वृत्तांना कमी घाबरतात. हातावर त्रिताल धरायचा, बाकी काही नाही. टाळी, टाळी, खाली, टाळी. तीन दिवसांत वर्ग एका लयीत आला. मग मी फोनवर तानपुरा लावून ठेवला आणि म्हटलं, दोन मिनिटं नुसतं ऐका, किती तारा वाजताहेत ते सांगा. दोन मिनिटं एकही पोर हललं नाही. ‘शांत बसा’ हा शब्द मी उच्चारलासुद्धा नव्हता. मग एक छोटी बंदिश लावली आणि सांगितलं, सम आली की मान हलवा. पहिल्यांदा सोळांपैकी कुठल्याही मात्रेवर माना हलत होत्या, हसाहशी झाली. तिसऱ्या-चौथ्या वेळी बऱ्याच माना एकदम हलल्या आणि त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

भैरवीचंही सांगितलं. भैरवी सुरू झाली की मैफल संपत आली अशी आपली रीत, आणि नेमकं तेव्हाच लोक चपला शोधायला आणि गाडी काढायला उठतात. जेवणाच्या पंगतीत ताक वाढायच्या आत कोणी हात धुवायला उठतं का? पुण्यात भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता खुद्द सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने करण्याची प्रथा आहे. मंचावर कोणी गात नसतं, तरी माणसं तिच्यासाठी थांबतात. मुलांना हे फार आवडलं. ‘‘कोणी गात नसताना पण?’’ असं दोघातिघांनी विचारलं.

पालकांकडे माझी मागणी एवढीच आहे की मुलाला मैफलीला सोडून जाऊ नका, शेजारी बसा. तुम्हाला गाणं कळत नसेल तर तसं त्याला सांगा. ‘मलाही कळत नाही, पण बघू काय होतंय’ असं म्हणणारा बाप माझ्या मते दर्दी श्रोत्याच्या खालोखाल आहे. आणि पोराच्या तोंडून चुकीच्या जागी ‘व्वा’ निघाला तर आजूबाजूचे फार तर हसतील. हसू द्या.

यंदाच्या मैफलीला चोवीस मुलांनी नावं दिली. गेल्या वर्षीचा तो मुलगा आता आठवीत, दुसऱ्या तुकडीत आहे. यादीत त्याचं नाव नव्हतं. मधल्या सुट्टीत त्याला गाठून म्हटलं, ‘‘अरे, गेल्या वेळी माझं चुकलं. ती दाद बरोबर होती. येतोस का?’’ सर असं काही बोलतील याची त्याला सवय नसावी. तो जरा गोंधळला, बुटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘बघतो सर. आजोबांना विचारतो, त्यांना पण आणलं तर चालंल का?’’

मी मंडळाला फोन करून एक जागा वाढवून मागितली आहे. अजून उत्तर यायचं आहे.